जुन्या पिकअपच्या इंजिनात टकटक? हेड खोलायच्या आधी आवाज कुठला ते असं शोधा

पिकअपला टकटक आवाज यायला लागला की गॅरेजवर साधारण दोनच उत्तरं मिळतात. एक, "डिझेल गाडी आहे मालक, आवाज करणारच", आणि दुसरं, "हाफ इंजिन (इंजिन अर्धं खोलून दुरुस्ती) करावं लागेल, गाडी ठेवून जा". या दोन उत्तरांच्या मधे आठ-दहा वेगवेगळी कारणं असतात, आणि त्यातली निम्मी अशी की चार पाने, एक फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) आणि एक मोकळी सकाळ असली तर दारातच निकाल लागतो. सीझन चालू असताना, टोमॅटो नारायणगावला टाकायचाय किंवा माळशेज उतरून वाशी मार्केटला भाजी न्यायचीये, अशा वेळी गाडी आठवडाभर गॅरेजला लावून बसणं कुणाला परवडतं? म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. नुसता आवाज ऐकून "हा टॅपेट आहे", म्हणजे वरचा व्हॉल्व्हकडचा आवाज आहे, असं छातीठोक सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका, मग तो कितीही जुना फिटर असो. बोनेट उघडलं की लोखंडातून आवाज सगळीकडे फिरतो, कानाला तो भलतीकडूनच येतोय असं वाटतं. निदान होतं ते आवाज बदलून बघितल्यावर, म्हणजे एकच गोष्ट बदलायची, आवाज कमी झाला का, वाढला का, की तसाच राहिला ते बघायचं, मग पुढची गोष्ट. खालचं सगळं याच पद्धतीने आहे, आणि क्रम पण मुद्दाम असा ठेवलाय की फुकटच्या तपासण्या आधी आणि खर्चाच्या नंतर.

हे लिहिताना माझ्या डोळ्यासमोर महिंद्राचं जुनं २५२३ सीसीचं डीआय इंजिन आहे, आपल्याकडच्या जुन्या बोलेरो पिकअपमधे तेच असतं. चार सिलेंडर, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमधे, तिथून पुशरॉड (उभ्या दांड्या) वर येतात आणि व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर हलवतात, टॅपेटचा गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, स्क्रू आणि लॉक नटने हाताने सेट करायचा. तुमच्याकडे दुसरी कुठली जुनी डिझेल पिकअप असली तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील, फक्त गॅपचे आकडे आणि पान्यांची मापं बदलतील.

आणि एक फरक आत्ताच तपासून घ्या, कारण पुढे एका टेस्टमधे हा जिवावरचा मुद्दा आहे. डिझेलच्या इंजेक्शन पंपातून चार लोखंडी पाईप निघून थेट एकेका नोझलला (सिलेंडरमधे डिझेल फवारतो तो) जात असतील, नोझलवर वायर काही नसेल, तर तुमचा पंप जुना, यांत्रिक. चारही पाईप एका जाड नळीवरून निघत असतील आणि प्रत्येक नोझलच्या डोक्यावर वायरचा कनेक्टर असेल तर गाडी कॉमन रेल आहे. बोनेट उघडून बघितलं की मिनिटात कळतं.

सुरुवातीलाच: गाडी चालवायची की उभी करायची

आवाज बारीक, कोरडा, टिकटिक-टकटक असा वरच्या अंगाने येत असेल तर घाबरायचं कारण नाही, गाडी दोन-चार दिवस चालवून सवडीने बघता येईल. पण आवाज जाड आहे, खालून चेंबरच्या (तळाच्या ऑइलच्या भांड्याच्या) बाजूने येतोय, गाडी गरम झाल्यावर वाढतोय, चढाला दाबली की ठणठण करतोय, किंवा त्याच्या जोडीला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय, यातलं काहीही असलं तर गाडी तिथंच बंद करा. "हळूहळू घेतो घरापर्यंत" असं करायचं नाही. बिग एंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथली, बेअरिंग गेली असेल तर त्या वीस किलोमीटरमधे क्रँकला (इंजिनाच्या मुख्य शाफ्टला) चर पडते, कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडू शकतो, आणि बेअरिंग सेटमधे भागणारं काम पूर्ण इंजिनवर जातं. टोचन करून आणा, टोचनचे पैसे स्वस्त पडतात.

आणखी एक सोपी चाळणी. गाडी जागेवर उभी असताना, न्यूट्रलला, आवाज येतो का? फक्त पळताना येत असेल आणि क्लच दाबून गाडी नुसती ढळत ठेवली तरी चालूच राहत असेल तर तो इंजिनाचा आवाज नाहीच. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बघा, चाकाची बेअरिंग बघा, हौद्याची साखळी आपटतीये का बघा. जॅकचा दांडा सीटमागे सुटलेला निघालेल्या गाड्या पण कमी नाहीत.

ऑइल

सपाट जागी गाडी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि पट्टी काढून पुसून परत घालून बघा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी ते भरा, कारण रॉकरपर्यंत ऑइल पोचत नसेल तर टॅपेट वाजणारच आणि तुम्ही उगाच पुढचं सगळं करत बसाल. डिझेलचं ऑइल काळं होणं नॉर्मल आहे, भरल्यावर थोड्याच दिवसात काळं होतं, त्यावरून काही ठरवू नका. बोटांवर घेऊन चोळा. पाण्यासारखं पातळ लागतंय, डिझेलचा वास येतोय आणि लेव्हल भरल्यापेक्षा वर चढलीये, तर ऑइलमधे डिझेल उतरतंय, म्हणजे नोझल गळतंय किंवा टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा पडदा गेलाय. दुधाळ, चहासारखं झालं असेल तर पाणी गेलंय, तेव्हा आवाजाचा विषय बाजूला ठेवून हेड गॅस्केटकडे बघा.

ग्रेड काय टाकलाय तेही आठवा. या जुन्या इंजिनांना साधारण १५ डब्ल्यू ४० चालतं. कुणीतरी "मायलेज वाढेल" म्हणून पातळ ऑइल टाकून दिलं आणि लगेच त्या आठवड्यापासून टकटक सुरू झाली असेल तर कारण समोरच आहे. उलटं पण होतं, आवाज दाबायला म्हणून फार जाड ऑइल किंवा डब्यातलं मधासारखं घट्ट अॅडिटिव्ह टाकतात. आवाज खरंच दबतो, पण रोग तसाच राहतो आणि सकाळच्या थंड स्टार्टला ते घट्ट ऑइल वर पोचायला वेळ लागतो, तेवढ्यात जास्त झीज. जुनी गाडी विकायला काढणारे लोक हेच करतात, घेताना लक्षात ठेवा.

ऑइलचा लाल दिवा सेल्फ मारल्यावर दोन-चार सेकंदात विझला पाहिजे. पण दिव्यावर पूर्ण भरवसा नको, तो फक्त प्रेशर अगदी तळाला गेल्यावर लागतो. शंका असेल तर दिव्याचा स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावून घ्या, बऱ्याच गॅरेजला असतो. ढोबळ हिशोब असा की इंजिन गरम असताना दर हजार आरपीएमला निदान १० पीएसआय, म्हणजे ०.७ किलोच्या आसपास प्रेशर हवं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. गरम इंजिन आयडलला (रेस न देता) असताना काटा झिरोकडे झोपत असेल तर टॅपेट सेट करून काही होणार नाही, बेअरिंग किंवा ऑइल पंप बघावा लागेल.

थंड आणि गरम

ही तपासणी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त माहिती देते, पण लोक गाडी गॅरेजला नेईपर्यंत ती गरम झालेली असते आणि अर्धी माहिती रस्त्यातच संपते. म्हणून रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिला सेल्फ मारायच्या आधी मोबाइल रेडिएटरच्या पट्टीवर ठेवून रेकॉर्डिंग चालू करा, एक-दोन मिनिटं होऊ द्या. मग गाडी पूर्ण गरम झाल्यावर मोबाइल त्याच जागेवर ठेवून परत. तिसरं रेकॉर्डिंग गरम असतानाच २००० आरपीएमच्या आसपास रेस धरून.

थंडीत जोरात आणि गरम झाल्यावर कमी होत जाणारा, जरा पोकळ ठपठप आवाज असेल तर पिस्टन स्लॅप. बोअर घासलेला असतो, पिस्टन थंड असताना बारीक असल्यामुळे दोन्हीकडे आपटतो, गरम होऊन फुगला की गप्प. ऑइल फार खात नसेल, धूर नसेल तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते, माझं मत विचाराल तर फक्त त्या आवाजासाठी बोअर काम करू नका. थंडीत टिकटिक आणि गरम झाल्यावर गायब, पण कोरडा, फट्फट् असा, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग. लोखंड तापून पसरलं की फट बुजते. थंड-गरम दोन्हीला सारखाच, तर टॅपेटचा संशय. गरम झाल्यावर वाढणारा म्हणजे ऑइल पातळ झाल्यावर वाजणारं काहीतरी, बहुतेक बेअरिंग.

सकाळी स्टार्ट केल्यावर सगळं डिझेल इंजिन थोडं कर्कश वाजतंच, एक-दोन मिनिटांनी शांत होतं, त्याला आजार समजू नका. आणि नंतरच्या काळातल्या ज्या गाड्यांना हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरणारे) आहेत त्यात रात्री ऑइल खाली उतरल्यामुळे सकाळी काही सेकंद टिकटिक झाली तर ती पण चालते.

टक किती वेळा

कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे एक टॅपेट ढिला असेल तर क्रँकच्या दोन फेऱ्यांना एक टक. बिग एंड किंवा फ्लायव्हील वाजत असेल तर प्रत्येक फेरीला एक. आयडल ८०० च्या आसपास धरला तर पहिल्या प्रकारात सेकंदाला ६-७ टक, दुसऱ्यात १३ च्या आसपास. कानाला १३ मोजता येत नाहीत, पण मघाशी केलेलं रेकॉर्डिंग मोबाइलच्या प्लेअरमधे पाव स्पीडला लावा, मग सेकंदाला दीड-पावणेदोन आणि सव्वातीन असे दोन वेग राहतात, त्यातला फरक घड्याळ धरून आरामात कळतो.

यात एक गोची आहे. नोझल पण दोन फेऱ्यांना एकदाच मारतो. म्हणजे मोजणीने "वरचं की खालचं" एवढंच कळेल, टॅपेट की नोझल ते कळणार नाही. आणि दोन टॅपेट ढिले असतील तर टक दुप्पट होतात, मग मोजून गोंधळच वाढतो, तेव्हा ही एकच टेस्ट धरून बसू नका.

कान कुठे लावायचा

स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तम, नाहीतर लांब स्क्रू ड्रायव्हर, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि टोक इंजिनाला. त्याआधी गळ्यातला गमछा काढा, शर्टच्या बाह्या वर, कडं-ताईत लोंबतं असेल ते पण काढा, पंखा आणि बेल्ट फिरत असताना वाकायचंय. शेजारी लहान पोरं नकोत.

टोक आधी टॅपेट कव्हरच्या बोल्टवर पुढून मागे एकेका ठिकाणी ठेवत जा. मग प्रत्येक नोझलच्या बॉडीवर, मग इंजेक्शन पंपावर, पुढच्या टायमिंग कव्हरवर, अल्टरनेटरवर, पाणी पंपावर, ब्लॉकच्या कडेला आणि शेवटी खाली चेंबरवर. नोझलचा टिक-टिक आवाज प्रत्येकाचा येणारच, तो निरोगी आवाज आहे, चारही सारखे वाजतायत का ते बघायचं. एक नोझल बाकीच्यांपेक्षा जाड ठोकत असेल किंवा अगदीच मुका असेल तर त्याचा नंबर लिहून ठेवा.

गळतीचा आवाज लोखंडातून नाही, हवेतून येतो, तिथे स्क्रू ड्रायव्हर उपयोगाचा नाही. त्यासाठी मीटरभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाजवळ, दुसरं मॅनिफोल्डच्या पॅकिंगच्या कडेने फिरवा. फट असेल तिथे आवाज एकदम फटाफट मोठा येतो आणि बहुतेक वेळा तिथे काळी काजळी उमटलेली पण दिसते. स्टड तुटलेला आहे का तेही बघा, शेवटच्या सिलेंडरजवळचा स्टड तुटून राहतो आणि वरून दिसतच नाही. खात्री करायची तर थंड गाडी आयडलला ठेवून एकाने सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओलं फडकं दोन-तीन सेकंद दाबायचं, गळती असेल तर टिकटिकीचा जोर लगेच वाढतो. नोझलच्या बुडाशी डांबरासारखा काळा चिकट थर आणि फस-फस आवाज असेल तर खालचा तांब्याचा वॉशर गेलाय. साबणाचं पाणी ओता, बुडबुडे येतील. नोझल काढून, बसायची जागा साफ करून नवा वॉशर टाकला की विषय संपतो, जुना वॉशर परत वापरायचा नाही.

बेल्ट काढून बघा

गाडी बंद, थंड. फॅन बेल्ट ढिला करून काढा आणि इंजिन चालू करा, एक मिनिटच, जास्त नाही, कारण पाणी पंप फिरत नसतो. आवाज गेला? मग अल्टरनेटर, पाणी पंप किंवा पंख्याच्या बाजूचं काहीतरी. इथे पिकअपवाल्यांनी एक गोष्ट खास बघायची: आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीमागे जोडलेला असतो, त्याच्या आतल्या पात्या घासल्या की अगदी टॅपेटसारखी टकटक येते आणि लोक दोन-दोनदा टॅपेट सेट करून घेतात. ब्रेक पेडल आधीपेक्षा कडक लागतंय का, हा त्याचा जोडीदार इशारा. बेल्ट काढलेला असताना गाडी अजिबात हलवू नका, व्हॅक्यूम नसतो, ब्रेक लागत नाही म्हणण्याइतका जड होतो.

बेल्ट काढलेलाच आहे तर पंखा आणि पाणी पंपाची पुली हाताने हलवून बघा, खेळ लागला तर बेअरिंग. पंख्याच्या पात्याला तडा आहे का तेही याच वेळी.

क्लच दाबणं तर आणखी सोपं. आयडलला क्लच पूर्ण दाबा, सोडा, परत दाबा. आवाज बदलत असेल तर रिलीज बेअरिंग, क्लच प्लेटच्या स्प्रिंगा किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टची बेअरिंग. फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले असले तर हुबेहूब बिग एंडसारखा ठोका येतो, आणि त्या आवाजावर चेंबर काढून काही न सापडलेले फिटर बरेच आहेत. क्लचचं काम नुकतंच झालं असेल आणि आवाज त्यानंतरच सुरू झाला असेल तर आधी तिकडे बघा.

नोझल पाईपचा नट ढिला करायची टेस्ट

ही टेस्ट फक्त यांत्रिक पंपाच्या गाडीवर. कॉमन रेलवर चालू इंजिनात पाईपला पाना लावायचा नाही म्हणजे नाही. रेलमधे हजार बारच्या वरचं प्रेशर असू शकतं, तो फवारा कातडी फोडून आत जातो आणि जखम बारीक दिसली तरी हात जायची वेळ येते. कॉमन रेलवाल्यांनी हीच तपासणी स्कॅनर लावून एकेक नोझल बंद करून करून घ्यावी.

यांत्रिक पंपावर सुद्धा डोळ्याला गॉगल आणि हातात मोजे घाला, आणि गळणाऱ्या ठिकाणी बोट धरायचं नाही. इंजिन आयडलला. पहिल्या नोझलच्या पाईपचा नट, बहुतेक १७ चा पाना लागतो, भोवती फडकं गुंडाळून अर्धा-पाऊण फेरा ढिला करा, डिझेल बाहेर यायला लागलं की तो सिलेंडर मरतो आणि इंजिन लंगडं होतं. डिझेल गरम मॅनिफोल्डवर पडू देऊ नका. ऐका. नट घट्ट करा, इंजिन परत सरळ झालं की दुसरा. असे चारही.

कुठल्याही सिलेंडरला आवाजात काडीचा फरक पडला नाही तर आवाजाचा जळणाशी संबंध नाही, टॅपेट, रॉकर, बेल्टकडचं काहीतरी किंवा टायमिंग गिअर (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारे). एका ठराविक सिलेंडरला आवाज गेला किंवा निम्म्यावर आला तर दोष त्याच सिलेंडरमधे, एकतर नोझल ठोकतोय नाहीतर त्याची बिग एंड, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) किंवा पिस्टन. नट सोडला तरी इंजिनावर काहीच परिणाम नाही, आवाजावर पण नाही आणि चालण्यावर पण नाही, तर तो सिलेंडर आधीपासूनच काम करत नव्हता, नोझल किंवा कॉम्प्रेशन बघा.

आता नोझल की बेअरिंग? नोझल अदलाबदल करा. आवाजवाल्या सिलेंडरचा नोझल शेजारच्यात आणि तिथला इकडे, दोन्हीला नवे तांब्याचे वॉशर, नंतर पाईपमधली हवा काढायची. आवाज नोझलबरोबर दुसऱ्या सिलेंडरला गेला तर सुटलात, पंपवाल्याकडे नोझल टेस्टिंगला द्या, तो फवारा आणि उघडायचं प्रेशर बघून सांगेल. आवाज जागचा हलला नाही तर खालचं काम आहे. मला विचाराल तर अख्ख्या तपासणीत सगळ्यात भरवशाची पायरी ही, आणि गॅरेजला सगळ्यात कमी केली जाते, कारण तासभर जातो.

चारही सिलेंडर सारखेच ठोकत असतील, कुठलाही नट सोडला तरी बाकीचे तीन तसेच, तर पंपाचं टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) पुढे गेलंय किंवा डिझेलमधे गडबड आहे. नुकताच पंप उतरवून बसवला असेल तर टायमिंगचा संशय आधी.

टॅपेट सेटिंग

इथपर्यंतच्या तपासण्यांनी टॅपेटकडे बोट दाखवलं तर मग कव्हर उघडा. त्याआधी वरची माती हवेने किंवा ब्रशने साफ करा, हौद्यात माती-शेणखत नेणारी गाडी असते, ते सगळं रॉकरवर पडायला नको. कव्हरचं नवं पॅकिंग आणून ठेवा.

पहिल्यांदा इंजिन आयडलला चालू ठेवून रॉकर बघा, थोडं ऑइल उडेल. प्रत्येक रॉकरला ऑइल पाझरतंय का? एखादा कोरडा असेल तर त्याचं भोक गाळाने बुजलंय, गॅप सेट करून तो पंधरा दिवसात परत वाजेल. मग चालू इंजिनातच फिलर गेजचं पातळ पान एकेका रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे सरकवा. ज्याच्यात घातल्यावर टकटक थांबली तो चोर. बाकीचे सात निर्दोष.

आता इंजिन बंद, बॅटरीची टर्मिनल काढा, गाडी न्यूट्रलला, चाकांना दगड. गॅप थंड सेट करायचा की गरम आणि किती, ते तुमच्या गाडीच्या पुस्तकातून किंवा कंपनीच्या पार्टवाल्याकडून घ्या. अशा इंजिनांत तो साधारण ०.२० ते ०.४० मिलिमीटरमधे असतो आणि बऱ्याच इंजिनांत एक्झॉस्टचा इनलेटपेक्षा जास्त, पण "साधारण" वर सेटिंग करू नका. इनलेट कुठला आणि एक्झॉस्ट कुठला ते मॅनिफोल्डचा पाईप कुठल्या व्हॉल्व्हसमोर येतो त्यावरून ओळखा.

फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटायचा क्रम) १-३-४-२ धरली तर जोड्या पडतात १-४ आणि २-३. पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन चालायच्या दिशेने फिरवा आणि चार नंबरच्या रॉकरकडे बघत रहा. एक व्हॉल्व्ह वर येऊन मिटतोय आणि त्याच क्षणी दुसरा खाली जायला लागतोय, दोन्ही रॉकर झोक्यासारखे हलतायत, तिथे थांबा. तेव्हा एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे असतात, ते सेट करा. मग एक नंबर झोक्यावर आला की चार नंबरचे, दोन नंबर झोक्यावर आला की तीनचे, तीनवर दोनचे. पुलीच्या खुणा वगैरे शोधत बसायची गरजच नाही.

लॉक नट सोडा, पान मधे ठेवून स्क्रू फिरवा, पान थोडं अडत सरकलं पाहिजे, स्क्रू धरून ठेवून नट आवळा आणि परत मोजा. हे परत मोजणं महत्त्वाचं, नट आवळताना स्क्रू हमखास फिरतो. खात्री अशी: एक साइज पातळ पान सहज जाईल, एक साइज जाड जाणार नाही.

एक फसवणूक सांगतो. जुन्या गाडीच्या रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हने खड्डा पाडलेला असतो. फिलरचं सपाट पान त्या खड्ड्यावर पुलासारखं बसतं, गेजला गॅप बरोबर येतो आणि प्रत्यक्षात खड्ड्याच्या खोलीइतका जास्त असतो. माणूस तीनदा सेट करतो, आवाज तसाच. टोकाला नखाने चाचपून बघा. खड्डा असेल तर रॉकर बदला किंवा चांगल्या लेथवाल्याकडून टोक घासून घ्या, पण फार घासलं तर वरचा कडक थर जातो, मग नवीनच टाकलेला बरा.

आणि आवाज जावा म्हणून गॅप ठरल्यापेक्षा कमी ठेवायचा नाही. घट्ट टॅपेट गप्प असतो, पण इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, उष्णता सीटकडे जात नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. मग हेड उतरवा. थोडा वाजणारा टॅपेट परवडला. "मशिनसारखी शांत करून देतो" म्हणणारा फिटर दिसला की मी गॅप स्वतः मोजून घेतो.

सेट करूनही वाजतंय

गॅप बरोबर आहे, रॉकरला खड्डा नाही, ऑइल येतंय आणि तरी तोच व्हॉल्व्ह वाजतोय, तर पुशरॉड. व्हॉल्व्ह बंद असताना बोटांनी फिरवून बघा, वाकडा असेल तर डोकं लंगडत फिरतं, बाहेर काढून काचेवर लोळवला की लगेच दिसतं. रॉकर शाफ्टवर रॉकर वर-खाली हलतोय का तेही बघा. व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली असेल तर तीही इथेच दिसते, दोन तुकडे एकमेकांत गुंतून बसलेले असतात, नीट बॅटरी मारून बघा.

थोड्या दिवसात गॅप परत वाढला तर कॅमचा उंचवटा किंवा त्यावर टेकणारा खालचा टॅपेट झिजतोय. यासाठी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून प्रत्येक रॉकर किती उचलतो ते मोजायचं. इनलेट इनलेटशी आणि एक्झॉस्ट एक्झॉस्टशी ताडून बघा, एक ठळक कमी आला तर कॅम गेला. हे मात्र घरचं काम नाही.

खालचं काम निघालं तर

नोझल बदलूनही आवाज त्याच सिलेंडरला राहिला, किंवा २००० पर्यंत रेस देऊन एकदम सोडली की खालून दुहेरी ठोका येतो, तर बिग एंड धरून चाला. आधी ऑइल स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून गाळून काढा आणि जुना फिल्टर कापून कागद पसरवा. चकाकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड, न चिकटणारे चंदेरी किंवा तांबूस पापुद्रे असतील तर ते बेअरिंगचे.

मग चेंबर उतरवून बेअरिंग कॅप काढून बघायला सांगा. हेड खोलायची गरज या टप्प्याला नाही, जो आधीच हेडला हात घालतो त्याला थांबवा. बेअरिंग घासलेली आहे आणि क्रँकचं जर्नल (बेअरिंग बसते तो भाग) गुळगुळीत आहे, मायक्रोमीटरने गोल आणि मापात आलं, तर त्याच साइजची नवी बेअरिंग टाकून गाडी सुटते. चर पडलेली असेल तर क्रँक ग्राइंडिंग आणि अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या क्रँकच्या मापाची) बेअरिंग. बेअरिंग का गेली ते पण शोधलं पाहिजे, ऑइल पंप, त्याची जाळी आणि रिलीफ व्हॉल्व्ह बघितल्याशिवाय चेंबर लावू द्यायचा नाही, नाहीतर नवी बेअरिंग पण त्याच वाटेने जाते.

गाडी गॅरेजला द्यायची वेळ आलीच तर तिन्ही रेकॉर्डिंग फिटरला ऐकवा आणि काय काय केलं ते कागदावर लिहून द्या: थंड-गरमचा फरक, बेल्ट काढल्यावर काय झालं, कुठल्या नंबरचा नट सोडल्यावर आवाज बदलला, नोझल कुठून कुठे बदलले, आठही गॅप किती निघाले. काढलेल्या बेअरिंग आणि जुने पार्ट परत मागून घ्या, कुठल्या सिलेंडरची कुठली ते मार्करने लिहायला सांगून.